कधी एका किल्लीत, कधी नुसतं ‘टक’: बोटीच्या इंजिनाचे वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार दादा. माझ्या बोटीला तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन आहे, ३० एचपीच्या आसपासचं, आत बसवलेलं. गेले सहा-सात महिने एकच रडगाणं चालू आहे. किल्ली फिरवली की कधी एका झटक्यात चालू, कधी नुसतं ‘टक’ होतं, आणि कधी तर तेही नाही, पॅनलचे दिवे लागलेत, बझर वाजतोय आणि इंजिन ढिम्म. मग चार-पाच वेळा किल्ली फिरवली की अचानक लागतं, जसं काही झालंच नव्हतं. बॅटरी नवीन टाकली. स्टार्टर काढून ब्रश बदलून आणला, पंधरा दिवस मस्त चाललं आणि परत तेच. मेकॅनिक येतो तेव्हा हमखास पहिल्या किल्लीला चालू होतं, त्याला आता माझ्याच डोक्यावर शंका यायला लागलीय. इंजिन गरम असताना जास्त होतं असं बायकोचं म्हणणं आहे, मला तसं वाटत नाही. आता सोलेनॉइड बदलू का की-स्विच?
(एक वैतागलेला बोटवाला)

उत्तर: काहीच बदलू नका. एक बॅटरी झाली, ब्रश झाले, दोन्ही बहुतेक चांगलेच असणार, आणि आता सोलेनॉइड (किल्ली फिरवली की स्टार्टरच्या मोटरला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) मग की-स्विच मग अख्खं वायरिंग या वाटेने निघालात तर शेवटी सगळं नवीन आणि बिघाड तेवढा जुना अशी गत होईल. पंधरा दिवस मस्त का चाललं ते सांगतो. स्टार्टर काढायचा तर जाड केबलींचे नट सोडवावे लागतात, परत बसवताना माणूस लग (केबलीच्या टोकाचा धातूचा जोड) पुसतो, नट नीट आवळतो, शेजारचा वायरिंगचा कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लग) इकडे तिकडे हलतो. तेवढ्याने खराब जोड तात्पुरता सुधारला, ब्रशचा काही संबंध नसावा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट फार कामाची आहे, ती म्हणजे आवाज. लोक लिहितात ‘सेल्फ (म्हणजे स्टार्टर) लागत नाही’ आणि संपलं, पण सेल्फ न लागण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं घर वेगळं. किल्ली फिरवली आणि कडकडकडकड असा मशीनगनसारखा आवाज आला तर बॅटरी उतरलीय किंवा जाड केबलीत कुठेतरी जोड खराब आहे. एकच ठसठशीत ‘टक’ स्टार्टरपाशी आला आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडने ओढलं पण मोटरला करंट मिळाला नाही, म्हणजे सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, नाहीतर ब्रश, नाहीतर परत जाडी केबल. आणि अगदीच चिडीचूप असेल तर जाड केबल, मोटर वगैरे सगळं विसरा, किल्लीचा निरोपच सोलेनॉइडपर्यंत पोचत नाहीये. तुमच्याकडे ‘टक’ पण आहे आणि चिडीचूप पण आहे. मला यात दोन बिघाड दिसत नाहीत, मला एकच दिसतो, निरोप कधी अर्धवट पोचतो आणि कधी पोचतच नाही. तो ‘टक’ जरा कान देऊन ऐका, दणकट आहे का मरतुकडा. मरतुकडा असेल तर माझी शंका अजून पक्की.

आता सोलेनॉइडच्या पोटात काय चालतं ते थोडं समजून घ्या म्हणजे पुढची मापं डोक्यात बसतील. त्याच्यात दोन गुंडाळ्या असतात. एक ताकदीची, जी आतले कॉन्टॅक्ट जोडणारा दांडा खेचून आणते, आणि दुसरी बारीक, जी आलेला दांडा धरून ठेवते. खेचणारी गुंडाळी क्षणभर का होईना ३०-४० अँपिअर मागते. आणि गंमत म्हणजे हा करंट जातो कुठून, तर बऱ्याच बोटींत इंजिनापासून वर पॅनलपर्यंत, की-स्विचमधून, आणि परत खाली इंजिनापर्यंत, एका बारक्या वायरीतून. जाऊन-येऊन १० मीटर धरा, वायर २.५ चौरस मिलिमीटरची धरा, तर ३५ अँपिअरला अडीच व्होल्ट नुसत्या वायरीतच जातात, अगदी नवीकोरी वायर असली तरी. म्हणजे १२.५ मधले १० उरले. सोलेनॉइड साधारण ८ व्होल्टपर्यंत कसंबसं ओढतं. हातात शिल्लक दोन व्होल्ट, आणि त्यात कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या, की-स्विचचे कॉन्टॅक्ट काळे झालेले, फ्यूजच्या खाचेत गंज. एखाद दिवशी दोन व्होल्ट पुरतात, एखाद दिवशी नाही पुरत. चार-पाच वेळा किल्ली फिरवली की का लागतं, तर प्रत्येक वेळी की-स्विचचे कॉन्टॅक्ट थोडे घासले जातात, बारीकशी ठिणगी वरचा थर जाळते, अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त मिळतो, आणि तेवढा बास होतो.

वहिनींचं म्हणणं मनावर घ्या बरं का. तांबं गरम झालं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्का. इंजिन खोलीत स्टार्टर गरम इंजिनाला चिकटून बसलेला असतो, तो थंडपेक्षा ५० अंशांनी तापला तर गुंडाळीचा रोध पाचव्या हिश्शाने वाढला, म्हणजे करंट कमी आणि खेच कमी. थंडीत जेमतेम लागणारं सोलेनॉइड गरम झालं की तोंड फिरवतं. तुम्हाला तसं वाटत नाही कारण बहुतेक तुम्ही मोजलेलं नाही, एक वही ठेवा, किल्ली किती वेळा फिरवली, इंजिन गरम का थंड, आवाज कुठला, गिअरचा दांडा कुठे होता, आदल्या दिवशी बोट धुतली होती का. दहा-बारा नोंदी झाल्या की बिघाडाची अट दिसायला लागते. भुताटकी वगैरे काही नसते, त्याला ओल लागते, गरमी लागते, हादरा लागतो, काहीतरी लागतंच.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं. इंजिन नाही लागलं की आपण काय करतो, किल्ली परत परत फिरवतो, बॅटरीचे लग हलवतो, स्टार्टरला हातोडीची दांडी ठोकतो, आणि ते लागलं की हुश्श करून निघतो. पुरावा पुसला आपणच! बिघाड तुमच्यासमोर उभा होता आणि तुम्ही त्याला हाकलून दिलंत. पुढच्या वेळी ‘टक’ झालं ना, की खूश व्हा आणि कशालाही हात लावू नका. मल्टिमीटर आधीच इंजिनापाशी ठेवलेला असू दे, २० व्होल्ट डीसीवर लावून. सोबतीला एक माणूस किल्ली धरायला. गिअर न्यूट्रलला आहे याची दोनदा खात्री, कपडे-केस पट्ट्यापासून लांब.

पहिलं माप सोलेनॉइडच्या बारक्या वायरीच्या टोकावर. काळी प्रोब स्टार्टरच्या अंगावर, लाल त्या बारक्या टोकावर, आणि सोबत्याला सांगा किल्ली फिरव आणि धर. ११ च्या आसपास आले आणि तरी ‘टक’ किंवा शांतता, तर स्टार्टर, त्याचं सोलेनॉइड नाहीतर जाडी केबल दोषी, केबलीची मापं खाली सांगतो, ती ठीक निघाली तर स्टार्टर खुशाल काढा. ८ च्या खाली आले तर निरोपाच्या वायरीत चोर आहे, स्टार्टरला हात लावू नका. शून्य आलं तर मागे मागे जात राहा, कपलर, की-स्विच, फ्यूज, न्यूट्रल स्विच. या एका मापाने अर्धं शरीर निर्दोष सुटतं, म्हणून ते पहिलं.

न्यूट्रल स्विच पुष्कळांना माहीतच नसतो. गिअर लागलेला असताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून दांड्यापाशी किंवा गिअरबॉक्सवर एक बारका स्विच असतो (सगळ्या बोटींत नसतो), तो झिजला किंवा गिअरची केबल ताणली गेली की दांडा न्यूट्रलला दिसतो पण स्विचला तसं वाटत नाही. चिडीचूप असताना किल्ली फिरवलेली धरून दांडा न्यूट्रलच्या आसपास केसभर पुढे-मागे करा, गिअर पडू न देता. तेवढ्यात लागलं तर सापडला.

दुसरी मापं जाड केबलींची. इथे लोक हमखास फसतात. मीटर ओहमवर लावून केबल तपासतात, शून्य दाखवतो, म्हणतात केबल चांगली. अहो, स्टार्टर फिरताना १५० अँपिअर सहज ओढतो, त्या रस्त्यात ०.०२ ओहमचा रोध असला तरी ३ व्होल्ट गिळले जातात आणि साध्या मीटरला ०.०२ ओहम दिसत नाही. म्हणून स्टार्टर फिरवत व्होल्टच मोजायचे, तेही वेगळ्या पद्धतीने: लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (लगवर नाही हं, खुद्द खांबाच्या शिशावर), काळी प्रोब स्टार्टरच्या जाड बोल्टवर, आणि किल्ली. सगळं ठीक असेल तर अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा येतो. मग स्टार्टरचं अंग ते बॅटरीचा निगेटिव्ह खांब, इथे ०.३ च्या आत. जास्त आला की एकेक जोड ओलांडत जा, बॅटरीचा खांब ते लग, लग ते मेन स्विच, स्विचच्या या बोल्टपासून त्या बोल्टपर्यंत, जिथे आकडा उडी मारतो तिथे चोर. बॅटरीचा मेन स्विच बाहेरून चकाचक आणि आतून जळलेला, हे तर मी इतक्यांदा पाहिलंय. मीटर नसेल तर गरिबाची पद्धत, दहा सेकंद स्टार्टर फिरवून लगेच प्रत्येक जोडाला हात लावून बघा, जो गरम लागतो तो खराब, मात्र जपून, चटका बसू शकतो.

हे करताना इंजिन लागलंच तर मापाचा खेळ संपतो, म्हणून स्टॉपची केबल ओढून ठेवा. आणि समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, का ते खालच्या उत्तरात सांगतो. दहा-पंधरा सेकंदांच्या वर एका दमात फिरवायचं नाही, मध्ये मिनिट-दोन मिनिटं स्टार्टरला थंड होऊ द्या.

बॅटरी नवीन आहे म्हणता, तरी तिला पण या मापातून सूट नाही. आराम केलेली भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. स्टार्टर फिरताना १० च्या खाली जायला नको. एखादी बॅटरी शांत असताना १२.६ दाखवते आणि किल्ली फिरवली की धपकन ३-४ वर कोसळते, आत दोन सेलमधला जोड तुटत आलेला असतो, अशी बॅटरी माणसाला वेड लावते कारण पाच मिनिटांनी ती परत १२.६ दाखवते.

माप पाठवा, मग बोलू.

प्रश्न: सर, माझ्याकडे स्टार्टर जोरात फिरतो पण सकाळी इंजिन घेत नाही. फीड पंपाचा हँडल वीस-पंचवीस वेळा मारला की घेतं आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही त्रास नाही. हे रोज होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. डिझेल कुठेही गळत नाही, फिल्टर नवीन. नोझल काढू का?

उत्तर: नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी) राहू द्या. हँड पंप मारल्यावर घेतं म्हणजे नोझल, कॉम्प्रेशन सगळं ठाकठीक आहे, तुमच्या डिझेलने रात्री एअर धरलीय. ‘कुठेही गळत नाही’ यावरच लोक अडकतात. टाकी इंजिनाच्या खाली असेल तर टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनीत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही, तिथे भोक असलं तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. रोज होत नाही कारण टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, उतरायला जागा कमी. टाकी किती भरली होती ते लिहून ठेवा, माझा अंदाज खरा ठरेल असं वाटतं.

शोधायची सोपी युक्ती अशी. एक छोटा स्वच्छ कॅन घ्या, तो इंजिनापेक्षा उंच, पडणार नाही असा बांधा आणि त्यातून वेगळ्या होजने थेट फीड पंपाला डिझेल द्या, रिटर्नची लाइन पण त्याच कॅनमध्ये सोडा. चार-पाच सकाळी इंजिन पहिल्या फटक्यात लागलं तर दोष मूळ लाइनीत, टाकी ते पंप. तरी नाही लागलं तर पंपाच्या पुढे. मूळ लाइनीत शोधायचं तर पहिल्या फिल्टरनंतर हातभर पारदर्शक डिझेलची होज तात्पुरती घाला, बुडबुडे डोळ्याने दिसतात. सगळ्यात आधी बघायच्या जागा म्हणजे फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग (नवीन फिल्टर बसवताना जुनीच रिंग परत घालतात, किंवा नवीन रिंग मुडपते), फिल्टरच्या भांड्याचा पाणी काढायचा स्क्रू, आणि बॅंजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर, जे एकदा दबले की परत वापरायचे नसतात आणि सगळे वापरतात. ‘फिल्टर नवीन’ म्हणजे किती नवीन ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्रास फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर वेगळं शोधायची गरजच नाही.

धुराकडे पण बघत जा. स्टार्टर फिरतोय आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतोय तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये, मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा स्टार्टरचा वेग बघायचा, कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून जी गरम होते तिच्यावरच सगळा खेळ, आणि स्टार्टर हळू फिरला तर ती हवा पेटण्याइतकी तापत नाही. अजिबातच धूर नाही तर डिझेलच पोचत नाही. दुसऱ्या केसमध्ये एअरच्या आधी स्टॉप सोलेनॉइड बघा, तो अर्धवट अडकला की डिझेल बंदच राहतं. काही इंजिनांत त्याला करंट मिळाला की इंजिन बंद होतं आणि काहींत करंट मिळेपर्यंत चालूच होत नाही, तुमचं कुठल्या जातीचं ते आधी बघा नाहीतर उलटंच निदान होईल.

आता ती पाण्याच्या कॉकची गोष्ट. बोटीत समुद्राचं पाणी सायलेन्सरमध्ये सोडतात आणि एक्झॉस्टचा गॅस ते बाहेर ढकलतो. इंजिन लागतच नसेल आणि तुम्ही स्टार्टर मारत बसलात तर पाण्याचा पंप तर फिरतोय, पाणी सायलेन्सरमध्ये साठतंय, पण ढकलायला गॅस नाही. सायलेन्सर भरला की पाणी उलटं चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलेंडरमध्ये जातं. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. म्हणजे निघालात बारीकशी हवा शोधायला आणि इंजिन खोलायची वेळ आली. दोन-तीनदा मारून घेतलं नाही की कॉक बंद, सायलेन्सरला ड्रेन असेल तर तो उघडा, आणि इंजिनाने घेतलं की पहिलं काम कॉक उघडणं, नाहीतर इम्पेलर (पाण्याच्या पंपातला रबरी पंखा) कोरडा फिरून जातो. मी किल्ली कॉकच्या हँडलला अडकवून ठेवतो, म्हणजे विसर पडत नाही. आणि कधी स्टार्टर फिरता फिरता ‘धप्प’ करून जागीच थांबला तर जोर लावू नका, आत पाणी असू शकतं, नोझल काढून हाताने फिरवून बघा.

प्रश्न: पेट्रोलचं आउटबोर्ड आहे, कार्बोरेटरवालं. सकाळी एका ओढीत चालू. तासभर चालवून बंद केलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत लावायला गेलो की घेत नाही. अर्ध्या तासाने आपोआप बरं. चोक ओढून, बल्ब दाबून हात दुखले.

उत्तर: चोक आणि बल्बनेच (पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) तुम्ही त्याला पेट्रोलमध्ये बुडवताय बहुतेक. चालू इंजिनाला पाणी थंड करत असतं, बंद केलं की पाणी थांबतं आणि साठलेली गरमी वर चढते, झाकणाच्या आत थोडा वेळ चालू असतानापेक्षा जास्त तापतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत वाहतं, म्हणजे इंजिन आधीच ओलं, त्यात आपण चोक ओढतो. गरम असताना चोक नाही, बल्ब नाही, न्यूट्रलला थ्रॉटल थोडा उघडा ठेवून ओढून बघा. बंद केल्यावर जमलं तर झाकण पाच मिनिटं काढून ठेवा, गरमी निघून जाते.

तरी नाही घेतलं तर ठिणगी बघायची, आणि ती गरम असताना, बिघाड हजर असताना, घरी थंड झाल्यावर नाही. काही कॉइल आणि इग्निशनचे डबे तापले की दगा देतात आणि थंड झाले की साळसूद. प्लग काढून इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवायचा, हवेत लोंबता ठेवायचा नाही नाहीतर इग्निशनचा डबाच जाऊ शकतो, आणि आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल नको. ठिणगी आहे आणि प्लग ओला, तर वर सांगितलेलं. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा, हसू नका, तो बंद राहिला की तासाभरात टाकीत पोकळी होते आणि बल्ब चपटा पडतो. ठिणगीच नाही, तर कॉइलच्या आधी ती मनगटाला बांधायची लाल दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) आणि तिची क्लिप नीट बसलीय का बघा.

प्रश्न: स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून इंजिन चालू करता येतं असं ऐकलं. करू का?

उत्तर: पेट्रोलचं इंजिन बोटीच्या पोटात असेल तर अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साठून राहते आणि तुम्ही तिथेच ठिणगी पाडणार. अशा बोटीत नेहमीच्या किल्लीच्या आधीसुद्धा ब्लोअर निदान चार मिनिटं चालवायचा आणि नाकाने वास घ्यायचा. डिझेलला पण मला ते आवडत नाही, न्यूट्रल स्विच मधून बाद होतो, गिअर पडलेला असला तर बोट सुटते आणि तुम्ही खाली इंजिनापाशी. त्यापेक्षा बॅटरीपासून फ्यूज घालून एक वायर आणि पुश-बटण घेऊन सोलेनॉइडच्या बारक्या टोकाला लावा. गिअर न्यूट्रलला आहे हे याच्यात पण स्वतः बघायचं, पण ठिणगी बटणाच्या आत राहते आणि तपासायला पण तेच उपयोगी, बटणाने लागतं आणि किल्लीने नाही म्हणजे काय ते आता तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्या वाचकांचं परत आलेलं पत्र: दादा, सापडला बहुतेक. तीन दिवस काहीच होईना, मुद्दाम रुसल्यासारखं पहिल्या किल्लीला चालू. चौथ्या दिवशी दुपारी दोन तास फिरून आल्यावर बंद केलं आणि परत लावताना ‘टक’. मीटर लावला. बॅटरीवर १२.५, बारक्या वायरीच्या टोकावर ६.८. मग तुम्ही म्हणालात तसं मागे मागे गेलो, इंजिनावरच्या मोठ्या कपलरच्या अलीकडे ९.७ आणि पलीकडे ६.८. कपलर उघडला तर एक पिन हिरवी-काळी आणि प्लास्टिक तिच्याभोवती वितळलंय. पुसून लावला, सध्या चालतंय. बायको म्हणते मी म्हटलं होतं. आता पूर्ण कपलर नवीन आणू का?

उत्तर: २.९ व्होल्ट एका पिनेत! वितळणारच. पुसून लावलाय तो महिनाभर टिकेल आणि नंतर परत रडवेल, वितळलेल्या पिनेची पकड गेलेली असते. नवीन कपलर चालेल, पण तुमच्या जागी मी असतो तर स्टार्टची ती एक वायर आणि तिला वरती करंट नेणारी वायर अशा दोन कपलरमधून काढून थेट जोडल्या असत्या, टिन केलेल्या तांब्याच्या, चांगल्या क्रिंपने, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. नुसतं सोल्डर करून सोडू नका, इंजिनाच्या हादऱ्याने सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन तुटते.

आणि कपलरच्या अलीकडे सुद्धा ९.७ च आहेत हे बघितलंत का? म्हणजे पिन नवी केली तरी बाकीच्या वायरीत आणि की-स्विचमध्ये जवळजवळ तेवढाच भुर्दंड आहे. म्हणून इंजिनापाशी एक रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) टाका, ४० अँपिअरचा निदान, ७० चा मिळाला तर उत्तम, पाणी न लागणाऱ्या जागी, तोंड खाली करून. किल्लीकडून येणारी जुनी वायर रिलेच्या कॉइलला, तिला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि सोलेनॉइडला करंट स्टार्टरच्या जाड बोल्टवरून रिलेमधून थेट, ६ चौरस मिलिमीटरची हातभर वायर, मध्ये फ्यूज. न्यूट्रल स्विच असेल तर तो किल्लीच्या बाजूलाच राहू द्या, म्हणजे त्याचं काम चालू राहतं. काम सुरू करायच्या आधी मेन स्विच बंद, पण इंजिन चालू असताना तो कधी फिरवू नका हं, अल्टरनेटरचे डायोड उडतात. सगळं झालं की इंजिन दोन तास तापवून परत बारक्या टोकावर माप घ्या, ११ च्या वर यायला पाहिजे, आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. वही वहिनींकडे द्या.